एक्सअ‍ॅटर सिस्टिम कॉलने वाचताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे फाइलला जोडलेली जादा माहिती, बोलताना नुसतं एक्सअ‍ॅटर, वाचायचे सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) केलेल्या विनंत्या, मोजून मूठभर आहेत. तरी त्यांच्याबद्दलचे प्रश्न संपत नाहीत, कारण हे कॉल ‘नाही’ हे उत्तर अनेक कारणांनी देतात आणि दर वेळी कारण सांगतातच असं नाही. इथली उत्तरं मुख्यतः लिनक्ससाठी आहेत. मॅकओएस आणि फ्रीबीएसडी शेवटाकडे येतील. कॉलची नावं बोलतो तशी लिहिली आहेत. कोडमध्ये ती रोमन लहान अक्षरांत सलग येतात, आणि एररची नावं मोठ्या अक्षरांत.

एक्सअ‍ॅटर फाइलमध्ये नेमकं कुठे असतं?

फाइलच्या मजकुरात नसतं. ती नाव आणि किंमत अशी जोडी असते आणि फाइलच्या आयनोडला (फाइलसिस्टिममधली त्या फाइलची नोंद) चिकटलेली असते. म्हणून एकाच फाइलच्या दोन हार्ड लिंक, म्हणजे एकाच आयनोडची दोन नावं, असतील तर दोन्हीकडून तेच एक्सअ‍ॅटर दिसतं. ते जोडल्याने फाइलचा आकार किंवा चेकसम बदलत नाही. एमटाइमही (मजकूर बदलल्याची वेळ) बदलत नाही, सीटाइम (आयनोड बदलल्याची वेळ) मात्र बदलतो.

एक्स्ट४ या फाइलसिस्टिममध्ये आयनोड सहसा २५६ बाइटचा असतो. त्यातली उरलेली जागा आधी वापरली जाते, ती संपली की एक वेगळा ब्लॉक घेतला जातो, आणि तोही भरला की जागा संपली असं उत्तर येतं. लिनक्स ४.१३ पासून मोठी किंमत स्वतंत्र आयनोडमध्ये ठेवायची सोय एक्स्ट४ मध्ये आहे, पण ती मुद्दाम चालू करावी लागते. एक्सएफएस एका किमतीला ६४ केबीपर्यंत जागा देतं.

एलएसअ‍ॅटर कमांड दाखवते तेच का हे?

नाही. एलएसअ‍ॅटर आणि सीएचअ‍ॅटर ज्या खुणा हाताळतात, उदाहरणार्थ फाइल बदलता न येण्याची खूण, त्या आयनोडमधले फ्लॅग आहेत आणि आयओकंट्रोल कॉलने वाचले जातात. नावात अ‍ॅट्रिब्यूट आहे एवढंच साम्य. एक्सअ‍ॅटरसाठीच्या कमांड गेटएफअ‍ॅटर आणि सेटएफअ‍ॅटर.

वाचायला कोणते कॉल आहेत?

किंमत वाचायला गेटएक्सअ‍ॅटर, एलगेटएक्सअ‍ॅटर आणि एफगेटएक्सअ‍ॅटर. नावांची यादी वाचायला लिस्टएक्सअ‍ॅटर, एललिस्टएक्सअ‍ॅटर आणि एफलिस्टएक्सअ‍ॅटर. पहिला प्रकार पाथ घेतो आणि सिमलिंक (दुसऱ्या पाथकडे बोट दाखवणारी फाइल) असेल तर तिच्यामागे जातो, ‘एल’वाला सिमलिंकपाशीच थांबतो, ‘एफ’वाला उघडलेल्या फाइलचा डिस्क्रिप्टर (कर्नलने तिला दिलेला क्रमांक) घेतो. हे सगळे लिनक्स २.४ पासून आहेत. ६४ बिट एक्स८६ वर त्यांचे क्रमांक १९१ ते १९६.

गेटएक्सअ‍ॅटरला चार गोष्टी द्यायच्या: पाथ, नाव, बफर आणि बफरचा आकार. परत मिळतो तो किमतीचा बाइटमधला आकार, किंवा उणे एक. नावाच्या सुरुवातीला नेमस्पेस, म्हणजे नावाचा गट, हवाच: युजर, ट्रस्टेड, सिस्टिम किंवा सिक्युरिटी, मग टिंब, मग पुढचं नाव.

बफर केवढा घ्यायचा?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सविस्तर.

आकाराच्या जागी शून्य दिलं तर कर्नल काहीच लिहीत नाही, फक्त किंमत किती बाइटची आहे ते सांगतं. मग तेवढी मेमरी घ्यायची आणि खरा कॉल करायचा. बहुतेक जण इथेच थांबतात. पण या दोन कॉलच्या मधल्या क्षणात दुसरी प्रोसेस ती किंमत बदलू शकते. किंमत वाढली असेल तर दुसरा कॉल ईरेंज ही एरर देतो. ती कमी झाली असेल तर एरर येत नाही, फक्त परत आलेला आकडा लहान असतो. म्हणजे दोन गोष्टी पाळायच्या: ईरेंज आला की पुन्हा आकार विचारायचा, आणि किंमत वापरताना दुसऱ्या कॉलने दिलेला आकडाच धरायचा, पहिल्याने दिलेला नाही.

पुन्हा पुन्हा प्रयत्न करणाऱ्या लूपला मर्यादा घाला. नाव रिकामं असेल किंवा २५५ बाइटपेक्षा लांब असेल तरीही लिनक्स ईरेंजच देतं. ‘ईरेंज म्हणजे बफर लहान, दुप्पट करा’ असं लिहिलेला लूप अशा नावावर मेमरी संपेपर्यंत फिरत राहतो. बाहेरून आलेलं नाव तसंच पुढे ढकलणाऱ्या प्रोग्रॅमसाठी तर हा उघडा दरवाजा आहे.

दुसरा मार्ग म्हणजे आकार न विचारता थेट ६४ केबीचा बफर देणं. लिनक्समध्ये एका किमतीची कमाल मर्यादा ६५,५३६ बाइट आहे आणि त्याहून मोठा बफर दिला तरी कर्नल तेवढ्यावरच थांबतं. त्यामुळे पहिल्याच फेरीत काम होतं. मला मधला रस्ता आवडतो: आधी स्टॅकवरचा छोटा बफर, तो पुरला नाही तर एकदम ६४ केबी. पायथनचं नेहमीचं रूप असलेलं सीपायथनसुद्धा हेच करतं, आधी १२८ बाइट आणि मग ६५,५३६. प्रत्यक्षातली बरीच एक्सअ‍ॅटर शंभरेक बाइटच्या आतच असतात, त्यामुळे एका कॉलमध्ये निभावतं.

६४ केबीलाही पुरत नाही अशी किंमत असेल तर ई२बिग येतो. फ्यूजमार्गे, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅमकडून, जोडलेल्या एनटीएफएससारख्या ठिकाणी हे होऊ शकतं. या कॉलने ती किंमत मिळणार नाही, कारण लिनक्सवर किमतीचा तुकडा वाचायची सोय नाही. मिळाली तर पूर्ण, नाहीतर काहीच नाही.

परत शून्य आलं. म्हणजे एक्सअ‍ॅटर नाही?

आहे, पण रिकामं आहे. काही प्रोग्रॅम नुसत्या असण्याचाच अर्थ लावतात, त्यामुळे रिकामं आणि नसलेलं हा फरक जपा. नसलेल्यासाठी उणे एक आणि ईनोडेटा येतो.

किंमत छापली की शेवटी कचरा दिसतो. का?

कारण ती स्ट्रिंग नाही. कर्नल बाइट जसेच्या तसे देतं आणि शेवटी नल (स्ट्रिंग संपल्याचा शून्य बाइट) जोडत नाही. सी मध्ये छापायचं असेल तर बफर एका बाइटने मोठा घ्या आणि नल स्वतः लावा. उलट एसईलिनक्स या सुरक्षा यंत्रणेचं लेबल वाचलंत तर त्याच्या किमतीतच सहसा शेवटचा नल असतो. म्हणजे तोही गृहीत धरता येत नाही.

काही किमती तर मजकूर नसतातच. सिक्युरिटी.केपॅबिलिटी (प्रोग्रॅमला दिलेले रूटचे काही अधिकार) ही बायनरी रचना आहे: दुसऱ्या आवृत्तीत २० बाइट, तिसऱ्या आवृत्तीत रूटचा आयडी धरून २४. सिस्टिम.पॉसिक्स_एसीएल_अ‍ॅक्सेस मध्ये (एसीएल म्हणजे कोणाला कोणती परवानगी याची यादी) चार बाइटचं हेडर आणि पुढे प्रत्येक नोंदीला आठ बाइट: दोन टॅगचे, दोन परवानगीचे, चार आयडीचे, सगळे लिटल एंडियन (आकड्याचा लहान किमतीचा बाइट आधी). या किमती हाताने सोडवत बसण्यापेक्षा लिबकॅप आणि लिबएसीएल वापरा. नुसत्या बघायच्या असतील तर हेक्समध्ये छापा.

नावांची यादी कशी सोडवायची?

लिस्टएक्सअ‍ॅटर सगळी नावं एकामागोमाग एक एकाच बफरमध्ये भरतं. इथे मात्र प्रत्येक नावाच्या शेवटी नल असतो. स्ट्रिंगची लांबी मोजायची, तेवढं अधिक एक पुढे सरकायचं, परत आलेला आकडा संपेपर्यंत. क्रमाची हमी नाही, तुलना करायची असेल तर आधी सॉर्ट करा.

यादीत दिसलेलं नाव वाचायला जाईपर्यंत पुसलं गेलेलं असू शकतं. यादीनंतरच्या गेटएक्सअ‍ॅटरमध्ये ईनोडेटा आला तर तो नेहमीचा प्रसंग समजून पुढच्या नावाकडे जा, आख्खं काम थांबवू नका. यादीलाही ६४ केबीची मर्यादा आहे. ती ओलांडली गेली तर यादी मागितली तरी मिळतच नाही, फक्त नाव आधीपासून माहीत असलेली एक्सअ‍ॅटर वाचता येतात.

एक्सअ‍ॅटर आहे हे मला पक्कं माहीत आहे, तरी ईनोडेटा का येतो?

ईनोडेटाचा सरळ अर्थ ‘या नावाचं काही नाही’. पण कर्नल हेच उत्तर आणखी काही प्रसंगी देतं, आणि ते प्रसंग ओळखता आले की या विषयातली अर्धी डोकेदुखी जाते.

ट्रस्टेड नेमस्पेसमधलं काही तुम्ही सिस-अ‍ॅडमिन केपॅबिलिटीशिवाय वाचायला गेलात तर परवानगी नाकारली असं न सांगता कर्नल ते नाहीच असं सांगतं. हे मुद्दाम आहे, कारण सामान्य प्रोसेसला ते असल्याचाही पत्ता लागू नये. लिहायला गेलात तर मात्र ईपर्म (परवानगी नाही) मिळतो. ओव्हरलेएफएस, म्हणजे थर एकावर एक ठेवून एकच फाइलसिस्टिम दाखवणारी सोय, आपल्या खुणा ट्रस्टेडमध्येच ठेवतं. त्यामुळे कंटेनरच्या वरच्या थराची डिरेक्टरी साध्या युजरने चाळली तर ती कोरी दिसते आणि रूटने चाळली तर भरलेली.

युजर नेमस्पेस फक्त साध्या फाइल आणि डिरेक्टरींसाठी आहे. सिमलिंकवर किंवा डिव्हाइस फाइलवर युजरमधलं नाव वाचायला गेलात की पुन्हा ईनोडेटा. यामागचं कारण पटण्यासारखं आहे. साध्या फाइलवर परवानगीचे बिट मजकूर कोणी वाचावा ते ठरवतात, म्हणून तेच एक्सअ‍ॅटरलाही लावता येतात. डिव्हाइस फाइलवर ते बिट डिव्हाइसबद्दल असतात आणि सिमलिंकवर तपासलेच जात नाहीत. तिथे युजर एक्सअ‍ॅटरला मोकळीक दिली असती तर कोणीही हवं ते लिहून डिस्क भरली असती.

एसीएलचंही एक आहे. फाइलवर नेहमीच्या मालक, गट, इतर या तीनच परवानग्या असतील तर सिस्टिम.पॉसिक्स_एसीएल_अ‍ॅक्सेस मागितल्यावर ईनोडेटा येतो. एसीएल म्हणावं असं वेगळं काही तिथे साठवलेलंच नसतं.

आणि अर्थात, नकळत सिमलिंकच्या पलीकडची फाइल वाचत असाल तर एक्सअ‍ॅटर तुम्ही लावलेल्या जागी आहे, तुम्ही बघताय तिथे नाही.

मग ईनॉटसप म्हणजे फाइलसिस्टिमला एक्सअ‍ॅटर येतच नाहीत?

कधी तसं असतं. फॅटवर नाहीतच. टीएमपीएफएसवर (मेमरीत राहणारी फाइलसिस्टिम) युजर नेमस्पेस लिनक्स ६.६ पासून आला, त्याआधी ट्रस्टेड आणि सिक्युरिटी चालायचे पण युजर नाही. ‘माझ्या मशीनवर टेस्ट पास होते, सर्व्हरवर नाही’ या तक्रारीचं मूळ कितीदा तरी टेम्प डिरेक्टरी टीएमपीएफएसवर असण्यात सापडतं. एनएफएस (नेटवर्कवरची फाइलसिस्टिम) क्लायंटला युजर एक्सअ‍ॅटर ५.९ पासून येतात, तेही दोन्ही बाजूंचा पाठिंबा असेल तर.

पण नावाआधी नेमस्पेस लावायला विसरलात, किंवा तो चुकीचा लिहिलात, तरी बहुतेक फाइलसिस्टिमवर हाच ईनॉटसप येतो. कर्नलला त्या नावाचा कोणी वाली सापडत नाही एवढाच त्याचा अर्थ. फाइलसिस्टिमला दोष देण्याआधी नाव एकदा नीट वाचा. नुसतं ‘युजर.’ लिहून पुढे काहीच नसेल तर ईइनव्हॅल येतो.

नावं दिसतात पण किंमत वाचताना ईअ‍ॅक्सेस येतो. असं कसं?

दोन्हींचे नियम वेगळे आहेत. युजर नेमस्पेसमधली किंमत वाचायला त्या फाइलवर वाचण्याची परवानगी लागते. यादी मागायला ती लागत नाही, पाथमधल्या डिरेक्टरींमधून जाता आलं की पुरे. म्हणून एक्सअ‍ॅटरच्या नावातच गुपित कोंबू नका. ग्राहकाचा क्रमांक नावात आणि किंमत रिकामी, अशी रचना मी पाहिली आहे.

गेटएफअ‍ॅटर काहीच दाखवत नाही, पण कॉलने वाचलं तर मिळतं.

गेटएफअ‍ॅटर स्वतःहून फक्त युजरने सुरू होणारी नावं दाखवतं. सगळी हवी असतील तर एम पर्यायाला उणे चिन्ह द्यायचं, किमतीही हव्या असतील तर डी पर्याय जोडायचा. या सवयीने मला एकदा चांगलंच नडवलं आहे. बॅकअपआधी एक्सअ‍ॅटरची यादी याच कमांडने काढली, ती रिकामी आली, आणि एक्सअ‍ॅटर वगळून बॅकअप घेतला. रिस्टोअर केल्यावर केपॅबिलिटीवर चालणारे प्रोग्रॅम साध्या युजरसाठी बंद पडले, कारण सिक्युरिटी.केपॅबिलिटी मागेच राहिली होती.

काल होतं, आज नाही. कोणी पुसलं?

बहुधा कोणी पुसलं नाही, फाइलच नवी आहे. अनेक एडिटर सेव्ह करताना नवी फाइल लिहून जुन्या नावावर सरकवतात. आयनोड बदलला की जुनी एक्सअ‍ॅटर गेली, एडिटरने आठवणीने नकलली नसतील तर. साधं सीपी ती नेत नाही, ए पर्याय दिला तर नेतं. आरसिंकला मोठा एक्स लागतो. टारला एक्सअ‍ॅटरचा पर्याय द्यावा लागतो, आणि उलगडताना युजरपलीकडची हवी असतील तर तसं वेगळं सांगावं लागतं.

सिक्युरिटी.केपॅबिलिटीचं प्रकरण निराळं. त्या फाइलमध्ये कोणी लिहिलं किंवा तिचा मालक बदलला तर कर्नल स्वतःच ती काढून टाकतं. बदललेल्या प्रोग्रॅमला जुने अधिकार राहू नयेत म्हणून.

पाथ वापरू की डिस्क्रिप्टर?

फाइल उघडलेलीच असेल तर डिस्क्रिप्टर. पाथने दोनदा विचारलं तर मधल्या काळात त्या नावावर दुसरीच फाइल येऊ शकते; डिस्क्रिप्टर त्याच फाइलला धरून राहतो.

अडचण येते ती ओ-पाथ फ्लॅगने, म्हणजे मजकूर न वाचता नुसती जागा धरायला, उघडलेल्या डिस्क्रिप्टरवर. त्यावर एफगेटएक्सअ‍ॅटर ईबॅडएफ (डिस्क्रिप्टर चालत नाही) देतं. वर्षानुवर्षं चालत आलेली युक्ती अशी की प्रॉक या कर्नलची माहिती दाखवणाऱ्या फाइलसिस्टिममधल्या सेल्फच्या एफडी डिरेक्टरीतला त्या क्रमांकाचा पाथ साध्या गेटएक्सअ‍ॅटरला द्यायचा. चालते, पण प्रॉक माउंट केलेलं हवं. लिनक्स ६.१३ मध्ये यावर सरळ उत्तर आलं: गेटएक्सअ‍ॅटरअ‍ॅट आणि लिस्टएक्सअ‍ॅटरअ‍ॅट. डिरेक्टरीचा डिस्क्रिप्टर आणि त्यापासूनचा पाथ द्यायचा. सिमलिंकमागे जायचं की नाही ते फ्लॅगने सांगायचं. रिकाम्या पाथचा फ्लॅग दिला तर डिस्क्रिप्टरवरूनच वाचता येतं. जुन्या कर्नलवर ईनोसिस (असा कॉलच नाही) येईल, त्यामुळे जुनी युक्ती अजून काही वर्षं हाताशी असू द्या.

पायथनमधून करता येईल?

लिनक्सवर ३.३ पासून ओएस मॉड्यूलमध्येच आहे. पाथ किंवा डिस्क्रिप्टर दोन्ही चालतात, सिमलिंकमागे जायचं नसेल तर फॉलो_सिमलिंक्सला फॉल्स द्या. परत बाइट मिळतात, स्ट्रिंग नाही. डीकोड करायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं. एरर ओएसएररमध्ये येते. तिचा एररनो तपासा; सगळ्या ओएसएरर एकाच एक्सेप्टमध्ये गिळून ‘एक्सअ‍ॅटर नाही’ असं परत करणारं फंक्शन लिहू नका. वर सांगितलेले सगळे वेगवेगळे ‘नाही’ त्यात एक होऊन जातात.

हाच सी कोड मॅकओएसवर कंपाइल का होत नाही?

नाव तेच, पण तिथे गेटएक्सअ‍ॅटरला सहा गोष्टी लागतात. जादाच्या दोन म्हणजे पोझिशन आणि ऑप्शन. पोझिशन फक्त रिसोर्स फोर्कसाठी (मॅकच्या फाइलचा जोडभाग), बाकी सगळीकडे शून्य. ‘एल’वाला कॉल नाही, त्याऐवजी ऑप्शनमध्ये नोफॉलो द्यायचं. नेमस्पेसची सक्ती नाही, नावं उलट्या डोमेनसारखी असतात, जसं कॉम.अ‍ॅपल.क्वारंटाइन. नावाची मर्यादा १२७ बाइट. आणि नसलेल्या एक्सअ‍ॅटरला ईनोडेटा नाही, ईनोअ‍ॅटर येतो.

फ्रीबीएसडीवर?

तिथे कॉलचं कुळच वेगळं: एक्सअ‍ॅटर नाही, एक्स्टअ‍ॅटर. एक्स्टअ‍ॅटर_गेट_फाइल, _एफडी आणि _लिंक अशी तीन रूपं. नेमस्पेस नावात जोडायचा नाही, वेगळा आकडा म्हणून द्यायचा: युजर किंवा सिस्टिम. यादीत नल नसतो. प्रत्येक नावाआधी एका बाइटमध्ये त्याची लांबी असते. लिनक्सचा यादी सोडवणारा कोड इथे कंपाइल होईल आणि भलतंच काहीतरी छापेल.

डाउनलोड केलेल्या फाइलमध्ये पत्ता सापडला. हे काय?

डाउनलोड करणारे काही प्रोग्रॅम फाइल कुठून आली ते युजर.एक्सडीजी.ओरिजिन.यूआरएल मध्ये लिहून ठेवतात. कर्ल हे सांगितलं तरच करतं. डब्ल्यूगेट काही काळ न सांगता करायचं, आणि यूआरएलमध्ये युजरनेम-पासवर्ड असेल तर तोही तसाच लिहिला जायचा. फाइल वाचू शकणाऱ्या कुणालाही एका गेटएफअ‍ॅटरमध्ये तो मिळायचा. सुरक्षा त्रुटींच्या यादीत याची नोंद सीव्हीई-२०१८-२०४८३ अशी झाली आणि १.२०.१ मध्ये ते दुरुस्त झालं. त्याआधीच्या आवृत्तीने उतरवलेल्या फाइल अजून डिस्कवर असतील तर त्यांच्यावरची जुनी एक्सअ‍ॅटर आपोआप गेलेली नाहीत. एकदा चाळून बघा.

एखादा प्रोग्रॅम कोणती एक्सअ‍ॅटर वाचतो ते कसं कळेल?

स्ट्रेस (strace), म्हणजे प्रोग्रॅमने केलेले सिस्टिम कॉल दाखवणारी कमांड, वापरा. ट्रेसच्या गाळणीत स्लॅश देऊन पुढे एक्सअ‍ॅटर लिहिलं की नावात तो शब्द असलेले सगळे कॉल दिसतात, ‘एल’ आणि ‘एफ’वाल्यांसकट. एलएसच्या लांब यादीवर करून बघा. परवानग्यांपुढे अधिकचं चिन्ह काढायचं की टिंब, एवढं ठरवण्यासाठी ते फाइलगणिक एक्सअ‍ॅटर विचारतं, आणि बहुतेक कॉलना उत्तर मिळतं ईनोडेटा.